टोकियोला परत जाताय? जुनं घर वरून बघायला स्कायट्री, टोकियो टॉवर, तोचो की फुनाबोरी

निशीकासाईत (पूर्व टोकियोतला आपल्या भारतीयांचा एरिया) काही वर्षं काढून पुण्याला, बंगलोरला नाहीतर अजून कुठे गेलेली मंडळी आता टूरिस्ट म्हणून टोकियोला जायला लागलीत आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, एक संध्याकाळ हातात आहे तर कुठल्या टॉवरवर जाऊ. उत्तर पण ठरलेलं, स्कायट्री, कारण सगळ्यात उंच. आता पहिल्यांदा आलेल्या माणसासाठी हे बरोबर आहे, त्याला शहर किती अफाट पसरलंय ते बघायचं असतं. पण आपण तिथे भाडं भरलंय, कचऱ्याचे वार पाठ केलेत, तोझाई मेट्रो लाइनमध्ये चेंगरलोय (२०१९ मध्ये किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती, आपल्याला लोकलची सवय म्हणून निभावलं). आपल्याला वर गेल्यावर पहिलं काय सुचतं तर आपली बिल्डिंग कुठाय. आणि या कामात उंची उलट आडवी येते. म्हणून खालचा सगळा हिशोब निशीकासाई-कासाई-फुनाबोरी पट्ट्यात राहिलेल्यांना धरून केलाय, बाकीच्यांनी आपापल्या एरियाप्रमाणे दिशा बदलून घ्या.

स्कायट्री ६३४ मीटर, मे २०१२ मध्ये उघडला, म्हणजे त्याआधी भारतात परतलेले त्याच्यावर गेलेलेच नसणार. दोन लेव्हल आहेत, ३५० मीटर आणि ४५० मीटर. लिफ्ट ३५० पर्यंत साधारण पन्नास सेकंदात नेते, कानात दडे बसतात. दोन्ही लेव्हलचं तिकीट तीन हजार येनच्या वर जातं, आगाऊ ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त, वीकेंडला महाग. इथून निशीकासाई आग्नेयेला सरळ रेषेत साडेसहा-सात किलोमीटर. शोधायची युक्ती सांगतो, आराकावा नदी पकडायची, ती चुकूच शकत नाही एवढी रुंद आहे, तिच्याबरोबर समुद्राकडे नजर न्यायची, टोकाला कासाई रिंकाई पार्कचा मोठा पाळणा दिसतो, त्याच्या किंचित डावीकडे आणि थोडं अलीकडे आपला एरिया. सापडतो, पण काय सापडतं तर फिकट रंगाच्या इमारतींचा एक पट्टा. कुठली यूआरची (सरकारी भाड्याची घरं) आणि कुठली खासगी हे डोळ्यांनी कळत नाही, फोनचा झूम ताणला तर सगळं पिठूळ होतं. ४५० वर अजून शंभर मीटर चढण्यासाठी जादा पैसे देऊन घर ओळखायला काहीच मदत होत नाही, तेव्हा ३५० बास. तिथे एक गोष्ट मात्र चुकवू नका, १८०९ सालच्या एका पडद्यावरच्या चित्राची प्रतिकृती लावलीय, त्यात चित्रकाराने सगळं एदो (म्हणजे जुनं टोकियो) शहर आकाशातून बघावं तसं काढलंय, सुमिदा नदी पुढे आणि फुजी मागे. विमान नाही काही नाही, तरी जवळपास त्याच बाजूने. लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतात.

अजून एक, वारा जोरात असला की स्कायट्रीच्या लिफ्ट बंद ठेवतात. टायफूनच्या सीझनमध्ये जाणार असाल आणि शेवटच्या दिवसाचं तिकीट काढून ठेवलं असेल तर रिस्क तुमची.

टोकियो टॉवर १९५८ चा, ३३३ मीटर, मेन डेक १५० मीटरवर आणि टॉप डेक २५० वर. मेन डेकचं तिकीट दीड हजार येनच्या आसपास. इथून निशीकासाई जवळजवळ नाकासमोर पूर्वेला, पण दहा किलोमीटर, म्हणजे घर वगैरे विसरा. तरी मी हा यादीतून काढणार नाही कारण शहर किती बदललं हे इथून सगळ्यात जास्त अंगावर येतं. शेजारीच आझाबुदाई हिल्सचा टॉवर उभा राहिलाय, २०२३ चा, ३२५ मीटर, म्हणजे टोकियो टॉवरच्या जवळपास खांद्याला खांदा, मेन डेकवरून तर मान वर करून बघावं लागतं. तोरानोमोनला पण तीच गत. तुमचं ऑफिस मिनातो वॉर्डात असेल, कामियाचो, शिंबाशी, हामामात्सुचो त्या बाजूला, तर मात्र हा टॉवर पहिला नंबर, ऑफिसची बिल्डिंग मजल्यासकट ओळखता येते. (हामामात्सुचोच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या चाळिसाव्या मजल्यावरची स्वस्तातली गॅलरी कोणाला आठवत असेल तर ती २०२१ मध्ये बंद झाली, बिल्डिंगच पाडली.)

तोचो म्हणजे शिंजुकूतलं टोकियो सरकारचं ऑफिस, ४५ वा मजला, २०२ मीटर, फुकट. फुकट म्हणून लाइन असते आणि बॅग तपासतात. आपला भाग इथून पंधरा किलोमीटर लांब, धुक्यातच जमा. हिवाळ्यातल्या सकाळी फुजी बघायला उत्तम, घर बघायला शून्य. शिबुया स्काय २०१९ मध्ये उघडलं, २२९ मीटर, वर उघडी गच्ची, दोन हजारांहून जास्त तिकीट आणि सूर्यास्ताचे स्लॉट उडून जातात. बॅग, टोपी सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात. पोरापोरींनी जरूर जावं. आपला विषय नाही.

आता फुनाबोरी. तोएई शिंजुकू लाइनच्या फुनाबोरी स्टेशनसमोरच टॉवर हॉल फुनाबोरी आहे, १९९९ चा, एदोगावा वॉर्डाची इमारत, आपल्या योगेंद्र पुराणिकांना २०१९ मध्ये ज्या वॉर्डाच्या सभेवर निवडून दिलं तोच वॉर्ड. टॉवर ११५ मीटर, बघायची खोली १०३ मीटरवर, तिकीट नाही. निशीकासाई स्टेशन इथून दक्षिणेला फक्त दोन किलोमीटर, आणि शंभर मीटर ही उंची या अंतराला फार बरोबर बसते, कारण छपरं पण दिसतात आणि भिंती पण दिसतात. स्कायट्रीवरून जो नुसता पट्टा दिसत होता तो इथे सुटा होतो. पहिल्यांदा ग्योसेन पार्कचा हिरवा ठिपका शोधा, जिथे फुकटच्या छोट्या झूमध्ये सगळ्यांनी पोरांना रेड पांडा दाखवलाय, मग त्याच्या पलीकडे स्टेशनकडे या, तोझाई लाइन इथे जमिनीखाली नसून पुलावरून जाते त्यामुळे ती रेघ हाताला लागते, आणि तिथून आपल्या गल्लीपर्यंत डोळ्यांनी चालत जाता येतं. गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या दिसायच्या नाहीत, पण मोठ्या सोसायटीतली आपली बिल्डिंग डावीकडून कितवी हे मोजता येतं. मोजा मग शांतपणे, वर रेटारेटी नसते, बहुतेक आसपासचे आजी-आजोबा.

आणि तिथे राहत असताना जे खालून कधी लक्षात येत नाही ते पण इथून कळतं. आराकावा आणि नाकागावा शेजारीशेजारी वाहतात, मध्ये फक्त एक बांध आणि त्यावर एक्स्प्रेसवे. वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, म्हणून तर २०१९ च्या पुराच्या नकाशात वॉर्डाने स्वतःच आपल्या लोकांना इथे थांबू नका असं छापलं होतं. तो नकाशा तेव्हा पत्रपेटीत आला आणि आपण फ्रिजवर लावून विसरून गेलो, वरून नदी आणि घरं एका नजरेत बघितल्यावर त्याचा अर्थ कळतो.

कासाई रिंकाई पार्कचा पाळणा हा अजून एक पर्याय. ११७ मीटर उंच, एक फेरी १७ मिनिटांची. निशीकासाई इथून उत्तरेला सव्वादोन किलोमीटर, म्हणजे फुनाबोरीच्या बरोबर उलट बाजूने तोच एरिया. पोरं बरोबर असतील तर हाच घ्या, खाली मोकळं पार्क आहे, मत्स्यालय आहे, दुसऱ्या बाजूला डिस्नीलँड दिसतं. तोटा एवढाच की वर टोकाला असल्याची वेळ मोजून काही मिनिटं, तेवढ्यात घर सापडलं तर सापडलं, नाहीतर परत तिकीट.

उजेडाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. स्कायट्रीवरून आग्नेयेला बघायचं असतं, सकाळी गेलात तर सूर्य थेट तोंडावर, दुपारनंतर जा. फुनाबोरीहून दक्षिणेला बघायचंय, हिवाळ्यात भर दुपारी नुसती चकाकी, तीन-साडेतीननंतर छान. पाळण्यावरून उत्तरेला बघतो त्यामुळे कधीही चालेल. रात्रीचं टोकियो सुंदर दिसतं यात वाद नाही पण रात्री सगळ्या बिल्डिंगा सारख्याच, रस्ते आणि ट्रेन सोडून काही ओळखू येत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट आणि गढूळ असते की स्कायट्रीचे पैसे वाया, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात स्वच्छ.

मग ठरवायचं कसं. आईबाबा किंवा नवीन लग्न झालेली बायको, म्हणजे ज्यांनी टोकियो बघितलेलंच नाही असं कोणी बरोबर असेल तर स्कायट्री ३५०, त्यांना तुमच्या यूआरमध्ये शून्य इंटरेस्ट असतो. ऑफिसच्या आठवणी जास्त असतील तर टोकियो टॉवर. लहान पोरं असतील तर पाळणा. तिथेच जन्मलेलं, आता मोठं झालेलं पोर असेल किंवा एकटेच असाल तर फुनाबोरी, डोळे झाकून. दोन्ही जमवायचं असेल तर एकाच दुपारी होतं, तीनला फुनाबोरी, मग अंधार पडता पडता स्कायट्री, तेवढं स्कायट्रीचं स्लॉट तिकीट आधी काढा. फुनाबोरीला निघायच्या आधी त्यांच्या साइटवर चालू आहे ना ते बघून घ्या, सरकारी इमारत आहे, मेंटेनन्सला मध्येच बंद ठेवतात.