व्हिमचं ऑटो-इंडेंट: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी रोजचं सगळं काम व्हिम या टेक्स्ट एडिटरवर आणलं. जास्त करून पायथन आणि सी, मधूनमधून शेल स्क्रिप्ट. एडिटर म्हटलं की थीम आणि प्लगिनची चर्चा खूप होते, पण हाताला दिवसभर जाणवते ती एकच गोष्ट: एंटर दाबल्यावर कर्सर कुठे जाऊन थांबतो. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली ही जागा म्हणजे इंडेंट. हा अनुभव तेवढ्याचाच आहे.

पहिल्याच दिवशी अडले. नुसता व्हिम उघडला तेव्हा इंडेंट छान चालत होतं. मग ओळींचे नंबर दिसावेत म्हणून मी व्हिमआरसी ही सेटिंगची फाइल तयार केली, तीही एका ओळीची, आणि इंडेंट गेलं. तासभर शोधल्यावर कारण सापडलं. व्हिम ८ पासून, तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तर व्हिम सोबत आलेली डिफॉल्ट फाइल वाचतो आणि तिच्यात भाषेनुसार इंडेंट चालू केलेलं असतं. तुमची फाइल दिसली की ती डिफॉल्ट फाइल वाचलीच जात नाही. म्हणून व्हिमआरसी बनवलीत की पहिली ओळ ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ हीच हवी. व्हिमवरूनच निघालेला निओव्हिम वापरणाऱ्यांना हा ताप नाही, तिथे ते आधीपासून चालू असतं.

मला हे कळायच्या आधी मी कुठूनतरी ‘सेट स्मार्टइंडेंट’ उचलून टाकलं होतं. नाव ऐकून वाटतं की हेच हवंय. दोन दिवसांनी पायथनच्या फंक्शनमध्ये कॉमेंट लिहायला # दाबलं आणि ते चिन्ह थेट ओळीच्या अगदी सुरुवातीला जाऊन बसलं. स्पेस देऊन आत आणलं. पुढच्या कॉमेंटला पुन्हा तेच. ओळ निवडून >> ने सरकवायला गेले, तर बाकीच्या ओळी सरकल्या आणि कॉमेंट जागची हलली नाही. हा बग नाही. स्मार्टइंडेंट सी सारख्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, आणि सी मध्ये # ने सुरू होणारी ओळ कंपाइल होण्याआधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरची असते, ती परंपरेने डाव्या कडेला लिहितात. पायथन लिहिणाऱ्यांनी ही ओळ काढूनच टाकावी.

व्हिममध्ये इंडेंटचे चार पर्याय आहेत, ते एकमेकांपासून वेगळे कळले की निम्मा गोंधळ संपतो. ऑटोइंडेंट फक्त आधीच्या ओळीचं इंडेंट पुढे नेतं, कोड वाचत नाही. स्मार्टइंडेंट महिरपी कंस बघतं. सीइंडेंटला सी चे नियम बारकाईने माहीत आहेत. आणि इंडेंटएक्सप्रेशन म्हणजे त्या त्या भाषेसाठी लिहिलेलं स्वतंत्र फंक्शन. ते असलं की सीइंडेंट आणि स्मार्टइंडेंट दोघंही बाजूला होतात. फाइलटाइपची ओळ टाकल्यावर पायथनला हेच फंक्शन मिळतं, आणि ते खरंच हुशार आहे. ‘रिटर्न’ची ओळ लिहून एंटर मारा, कर्सर आपोआप एक पायरी मागे येतो, कारण त्या ब्लॉकमध्ये पुढे काही चालणारच नाही.

सगळ्यात मोठा फायदा मात्र मला वेळ वाचण्यात दिसला नाही. ऑटो-इंडेंट चूक दाखवतं. पायथनमध्ये एंटर मारला आणि कर्सर भलत्याच ठिकाणी आत गेला, तर वर कुठेतरी गोल कंस बंद करायचा राहिलेला असतो. आता मला ते वाचून शोधावं लागत नाही, ओळ वाकडी गेली की हात आपसूक थांबतो. सी मध्ये तर याचं मोल फार आहे. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये २०१४ साली सापडलेला ‘गोटो फेल’चा दोष आठवा: कंस नसलेल्या ‘इफ’खाली तीच ओळ दोनदा होती आणि दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या. डोळ्यांना दोन्ही अटीखाली वाटायच्या, पण दुसरी अट न बघताच चालायची. तो तुकडा व्हिममध्ये लिहून त्यावर = ही इंडेंट सुधारणारी कमांड चालवून बघा, दुसरी ओळ ‘इफ’च्या रेषेत मागे येते आणि चूक उघडी पडते. २०१६ च्या जीसीसी ६ पासून हा सी चा कंपायलरही फसव्या इंडेंटची सूचना देतो, पण ती कंपाइल केल्यावर. इथे लिहितानाच कळतं.

खटकलेलंही सांगते. पायथनमध्ये उघड्या कंसानंतर ओळ तोडली की पुढची ओळ चारऐवजी आठ स्पेस आत जाते. महिनाभर मी हाताने मागे घेत होते. त्यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे हे मदतीच्या पानांत खोलवर गेल्यावर सापडलं. दुसरं म्हणजे, कुठलं सेटिंग कुठून आलं हे वरवर कळत नाही. त्यावर ‘व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ ही कमांड लाख मोलाची आहे (शिफ्टविड्थ म्हणजे इंडेंटच्या एका पायरीची रुंदी): आकडा तर दाखवतेच, शिवाय शेवटचा बदल कोणत्या फाइलने केला तेही सांगते. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हीच शिकवेन.

आणि एक जपण्यासारखी गोष्ट. पूर्ण फाइलचं इंडेंट एका फटक्यात सुधारता येतं: दोनदा जी, मग =, मग कॅपिटल जी. जुन्या सी फाइलमध्ये एक ओळ बदलायची होती, मी सवयीने हे दाबलं आणि तसंच पाठवून दिलं. तपासणाऱ्याला एका ओळीऐवजी अख्खी फाइल बदललेली दिसली. आता इंडेंटचा बदल मी वेगळ्या कमिटमध्येच, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीतच ठेवते. गिट २.२३ पासून, कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या ‘ब्लेम’ला असे कमिट वगळायला सांगता येतं, तेही करते. पायथनवर मात्र ही कमांड पूर्ण फाइलला कधीच चालवत नाही. तिथे इंडेंट हाच अर्थ आहे, तो एडिटरला ओळखता येत नाही.

मेकफाइलची, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलची, मला भीती होती, कारण तिथे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या की ‘सेपरेटर’ नसल्याची तक्रार येते. व्हिम त्या फाइलपुरता स्वतःच टॅबवर येतो, मला काही करावं लागलं नाही.

आकड्यांचा घोळ शेवटपर्यंत राहिला होता. एका प्रोजेक्टला दोन स्पेस, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला टॅब. मी दर वेळी व्हिमआरसी बदलत बसायचे. आता प्रत्येक प्रोजेक्टच्या मुळाशी एडिटरकॉन्फिगची फाइल असते, त्या प्रोजेक्टचं इंडेंट कसं हवं ते सांगणारी, आणि तिचं प्लगिन २०२३ पासून व्हिमसोबतच येतं, फक्त चालू करावं लागतं. त्यामुळे माझ्या व्हिमआरसीत इंडेंटच्या चारच ओळी उरल्यात: फाइलटाइपची, एडिटरकॉन्फिग चालू करणारी, सॉफ्टटॅबस्टॉप (टॅब दाबल्यावर किती सरकायचं) उणे एक, म्हणजे तो शिफ्टविड्थच्या मागे चालतो, आणि पायथनच्या त्या कंसाची. टॅबस्टॉप, म्हणजे टॅबची दिसणारी रुंदी, आठच ठेवलाय, त्याला मी हात लावत नाही.