बेळगावात लीजवर घर घेतलं आणि सहा लाख अडकले

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी जी कुटुंबं बेळगावला येतात, त्यांनी घर घेण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमच्यावर बेतलं तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

जून २०२२ मध्ये आम्ही कराडहून बेळगावला आलो. ह्यांना उद्यमबागेत नोकरी लागली होती आणि मुलगा पाचवीत होता. आल्यावर पहिले काही दिवस परक्या राज्यात आलोय असं वाटलंच नाही. गणपत गल्लीत भाजीवाली मराठी, रविवार पेठेत वाणी मराठी, रिक्षावाला मराठी. माझा जीव भांड्यात पडला. पण हळूहळू लक्षात आलं की इथं बोलणं मराठीत होतं आणि कागद कन्नडमध्ये असतो. हेस्कॉमचं लाईट बिल, घरपट्टीची पावती, ऑफिसातला अर्ज, सगळं कन्नड. अक्षर ओळखत नसलं की शिकलेला माणूससुद्धा हातात कागद घेऊन नुसता उभा राहतो. मी एम.कॉम. आहे, आणि लाईट बिलावर कशाचे किती पैसे लावलेत हे मला कळत नव्हतं.

भाड्याचं घर शोधताना ‘लीज’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मुंबईकडे ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात तशातला हा प्रकार, पण कर्नाटकात तो फार रुळलेला आहे. कन्नडमध्ये त्याला भोग्य म्हणतात. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दोन-तीन वर्षं राहायचं, महिन्याचं भाडं काही नाही, आणि मुदत संपली की रक्कम बिनव्याजी जशीच्या तशी परत घ्यायची. पद्धत वाईट नाही. हजारो लोक असे राहतात आणि त्यांचे पैसे परत मिळतात. म्हणूनच आम्हालाही शंका आली नाही.

एजंट ह्यांच्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीचा. पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध, आणि मराठी अगदी घरच्यासारखी. दोन घरं दाखवून झाल्यावर तिसरं अनगोळकडे दाखवलं. दोन बेडरूम, मागं तुळस, नळाला पाणी. भाड्यानं घेतलं असतं तर महिना दहा हजार पडले असते. लीज सहा लाख, तीन वर्षांसाठी. मी विचारलं, “कागद कन्नडमध्ये असणार ना?” तो म्हणाला, “वैनी, कानडी कागदाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. मी हाय की. आपल्या माणसाचं काम हाय हे.”

‘आपल्या माणसाचं’ हा शब्द मला आजही टोचतो. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो. कराडमध्ये हाच माणूस आला असता तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते, चार ठिकाणी चौकशी केली असती. इथं त्याची मराठी हीच मला ओळखपत्रासारखी वाटली.

सहा लाखांपैकी साडेतीन लाख आमची एफडी मोडून, दीड लाख माझ्या पाटल्या विकून आणि एक लाख सासऱ्यांकडून आणले. मालक म्हणाला, एक लाख बँकेत टाका, बाकीचे रोख द्या. २७ जूनला नोटरीकडे बसलो. ई-स्टॅम्पचा पहिला कागद आणि त्यामागं टाईप केलेली तीन पानं, सगळी कन्नडमध्ये. मला वाचता आले ते फक्त आकडे. मी पाहिलं, कुठंच ६,००,००० नव्हतं. होतं ५०,०००. मी बोट ठेवून विचारलं. एजंट हसून म्हणाला, “स्टॅम्प ड्युटी वाढत्या वैनी. म्हणून कागदावर कमी दावत्यात, सगळेच करत्यात तसं.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मागं लाईनीत माणसं उभी होती. मी सही केली. त्या ५०,००० वर ठेवलेलं बोट मी उचलायला नको होतं.

आता एक हिशोब सांगते. तो मी तेव्हा केला असता तर तिथंच उठून आले असते. दहा हजार भाड्यानं वर्षाचे १,२०,००० होतात. म्हणजे सहा लाख वापरायला मिळावेत म्हणून मालक वर्षाला १,२०,००० रुपयांच्या भाड्यावर पाणी सोडत होता. हे झालं वीस टक्के व्याज. ज्याचं घर मोकळं आहे, कागद स्वच्छ आहेत, त्याला बँक ह्याच्या निम्म्या दरात कर्ज देते. मग वीस टक्क्यांनी पैसे उचलायची वेळ कोणावर येते? ज्याला बँक आता दारात उभं करत नाही, त्याच्यावर. लीजचं घर जितकं स्वस्त पडतंय असं वाटेल, तितकं आधी मालकाला पैशाची निकड का आहे ते विचारा. कधी खरंच मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो. पण विचारा, आणि उत्तराची खातरजमा करा.

वर्षभर सगळं सुरळीत होतं. नाही म्हणायला राहायला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात आधीच्या भाडेकरूची लाईट बिलाची थकबाकी आमच्या गळ्यात आली. ती आम्ही निमूट भरली, कारण कनेक्शन तोडायला माणूस आला होता. घर घेताना बिलावरचा आर.आर. नंबर, म्हणजे कनेक्शनचा नंबर, घेऊन हेस्कॉममध्ये बाकी विचारून घ्या, एवढंच ह्याबद्दल सांगण्यासारखं आहे. मधूनमधून मालकाच्या नावानं बँकेची जाड पाकिटं यायची. दुसऱ्याचं टपाल म्हणून मी ती जपून ठेवायची आणि मालकाला फोन करायची. तो म्हणायचा, ठेवा, येऊन नेतो. कधी आला नाही. पाकिटं टीव्हीच्या कपाटावर साठत गेली.

ऑगस्ट २०२३ मध्ये मुलाला शाळेतून घेऊन आले तर दारावर कागद चिकटवलेला. खळ अजून ओली होती. बँकेचा शिक्का, खाली सही, एक मजकूर इंग्रजीत, एक कन्नडमध्ये. घरावर बँकेनं ताबा घेतल्याची नोटीस होती. सरफेसी कायदा, २००२, म्हणजे कर्ज थकलं की तारण ठेवलेलं घर कोर्टात न जाता ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा. तिथल्या तिथं फाटकाला धरून मी खाली बसले.

समोरच्या घरात एक कन्नड अक्का राहतात, निवृत्त शिक्षिका. वर्षभरात आमचं बोलणं काय, तर सणाला ताट देणं-घेणं आणि ‘ऊट आयता?’ (जेवण झालं का?) ‘आयत्री’ (झालं) एवढंच. त्या धावत आल्या, मला घरात नेलं, पाणी दिलं. मग चष्मा लावून म्हणाल्या, “तुमचा करार आणा बघू.” मी तीन पानं आणून दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर आल्या. “ह्यात लीज कुठं आहे गं? हा बाडगी करार आहे. अकरा महिन्यांचा. महिना दहा हजार बाडगी, पन्नास हजार मुंगड. बाडगी म्हणजे भाडं, मुंगड म्हणजे अॅडव्हान्स.” एवढं बोलून त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मला आधी दाखवायचा होतास.”

पाच मिनिटांत त्यांनी वाचून सांगितलं. चौदा महिने मी त्यांच्या समोरच्या दारात राहत होते. आपण मराठी, त्या कन्नड, आणि ह्या गावात भाषेवरून काय काय होतं हे पेपरात वाचून आलेली मी, त्यांच्याकडे कागद घेऊन जायचा संकोच केला. ज्याच्यावर भाषेमुळे विश्वास टाकला त्यानं बुडवलं, आणि भाषेमुळे जिच्यापासून लांब राहिले तिनं हात दिला. हे माझ्या मनातून जात नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मालकाचा फोन बंद. एजंट म्हणाला, “मी फकस्त घर दावलं, तुमचं त्यांचं तुम्ही बघा.” पोलिसांत गेलो, त्यांनी अर्ज घेतला पण म्हणाले की कागद भाड्याचा आहे, दिवाणीत जा. वकिलांनी समजावलं ते असं. मालकानं आम्ही येण्याच्या तीन वर्षं आधीच घर तारण ठेवून कर्ज काढलेलं होतं. हप्ते थकल्यावर बँक आधी साठ दिवसांची मागणी नोटीस पाठवते. ती त्या जाड पाकिटांपैकी एकात होती. मग ताब्याची नोटीस दारावर लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती कन्नड दैनिकात आली असणार, आमच्या घरी मराठी पेपर येत होता. तारण आधीचं, आमचा करार नंतरचा, शिवाय नोंदणी नाही आणि मुदत अकरा महिने. बँकेपुढे आमचा काही हक्क टिकत नव्हता. दिवाळीनंतर आम्ही घर सोडलं.

आमच्या बाजूनं काय उरलं? बँकेतून पाठवलेले एक लाख, त्याची नोंद. रोख पाच लाख दिले त्याच दिवशी खात्यातून आणि सोनाराकडून पैसे आल्याच्या पावत्या. आणि एजंटचा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, ‘६ पोचले, चावी उद्या’. वकील म्हणाले, ह्या एका ओळीनं दाव्याला थोडा जीव आला. म्हणून असले मेसेज कधीही पुसू नका. आमची नोटीस गेल्यावर मालकाच्या भावानं दोन हप्त्यांत दीड लाख दिले. साडेचार लाख अजून यायचे आहेत.

आता करायला काय हवं होतं ते सांगते. मालकाकडे ई.सी. मागायची, म्हणजे मिळकतीवर कोणकोणते व्यवहार आणि बोजे नोंदले आहेत त्याचा दाखला. कन्नडमध्ये त्याला ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात. सब-रजिस्ट्रार ऑफिसात किंवा कावेरी संकेतस्थळावर तो मिळतो. मालकानं आणून दिलेल्या झेरॉक्सवर विसंबायचं नाही, घराचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर घेऊन आपण स्वतः काढायचा. व्यवहार किंवा बोजा असेल तर फॉर्म १५ मध्ये नोंदी येतात, काहीच नसेल तर फॉर्म १६. त्यात ‘अडमान’ हा शब्द दिसला तर थांबा. अडमान म्हणजे गहाण. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण काही वेळा बँकेकडे नुसतं मूळ खरेदीपत्र ठेवून कर्ज काढलेलं असतं आणि ते ई.सी.त येईलच असं नाही. त्यासाठी दोन गोष्टी. मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी बघायला मागा. मालक झेरॉक्सच पुढे करत राहिला तर मूळ कागद बहुधा बँकेत आहेत असं धरा. आणि सरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे, बँकांनी घेतलेली तारणं तिथं नोंदवलेली असतात. थोडी फी भरून कोणालाही त्यात शोधता येतं. आमच्या घराचं तारण तिथं होतं, हे वकिलांनी नंतर शोधून दाखवलं.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदणीकृत असावाच लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्यानं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हा गैरसमज माझ्या ओळखीत अजून निम्म्या लोकांचा आहे. स्टॅम्प ड्युटी वाचवायला रक्कम कमी लिहू म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. वाचलेली ड्युटी मालकाची असो वा तुमची, बुडालेली रक्कम तुमचीच असते. पैसे एकही रुपया रोख नको. आणि कन्नड वाचता येत नसेल तर एजंटचा किंवा मालकाचा कोणी नाही अशा माणसाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. शेजारी, मुलाच्या शाळेतल्या बाई, औषधाच्या दुकानातला मुलगा, कोणीही चालेल. बेळगावात दोन्ही भाषा येणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत आणि विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आम्ही आता वडगावला भाड्यानं राहतो, नऊ हजार, करार इंग्रजीत. मुलानं शाळेत कन्नड घेतलीच आहे, मीही त्याच्या पुस्तकातून अक्षरं गिरवायला लागले. बसची पाटी वाचता येते. करार अजून येत नाही.

गेल्या महिन्यात मच्छेहून एक जोडपं भेटायला आलं, मूळचं चंदगडचं. नवरा ह्यांच्याच कारखान्यात. लीज चार लाख, मालक भला आहे म्हणाले, शनिवारी पैसे द्यायचे होते. मी त्यांना घेऊन अनगोळला अक्कांकडे गेले. अक्कांनी चष्मा लावला, ई.सी. उघडली आणि वरून खाली बोट फिरवत आल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. मी वाकून पाहिलं आणि तो शब्द मला वाचता आला. त्या मुलीनं पर्समधली चेकबुकं मांडीवर काढून ठेवली होती, ती तिनं काही न बोलता परत आत ठेवली.