१४ महिने, १२,६०० किमी आणि तो पिवळा लाइट

हा माझ्या गाडीचा रिव्ह्यू. स्पेक्स मोजकेच सांगतो, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल गिअर, वरून दुसरं मॉडेल, म्हणून टचस्क्रीन किती इंचाची ते लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही टाकत नाही, कारण बिलाचं भांडण अजून मिटलं नाही. आमचं गाव यवतमाळपासून नऊ किलोमीटर आत, त्यातले शेवटचे तीन निव्वळ काळ्या मातीचे. गाडीचं काम काय तं घर ते वावर, वावर ते घर, मधात कृषी केंद्र, पोरीची शाळा, आठवड्यातून दोनदा यवतमाळ. महिन्याला नऊशे किलोमीटर धरा. हे नऊशे लक्षात ठेवा, सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यवतमाळहून बैलांचा साज घेऊन येत होतो, झुली, गोंडे, घुंगरं, बेगड, मागची सीट पूर्ण भरलेली. गावाच्या फाट्यावर वळलो आणि गाडी मेल्यासारखी झाली. अ‍ॅक्सिलेटर खालपर्यंत दाबला तरी चाळीसच्या वर जाईना. समोर दोन पिवळे लाइट, एक इंजिनचा आणि एक डब्यात ठिपके काढल्यासारखा. ठिपकेवाला आठ दिवसांपासून लागत होता हे कबूल करतो. मले वाटलं पावसाळा आहे, सेन्सरमधे पाणी गेलं असेल, सुकलं की जाईल. तेवढ्यात गावातला एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन मागून आला, मले ओव्हरटेक केलं आणि वळून पाहून हसला. साडेबारा लाखाची गाडी आहे बाप्पा.

मंग पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, वर्कशॉपात पोरं अर्धी, त्यामुळे चौथ्या दिवशी गाडी रॅम्पवर चढली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅब घेऊन आला आणि म्हणे, "काकाजी, डीपीएफ, म्हणजे धुराची काजळी धरणारी जाळी, चोक झाला. तुम्ही गाडी चालवतच नाही."

मी म्हटलं, चालवत नाही तं हे किलोमीटर काय उंदरानं वाढवले का?

"तसं नाही जी. तुम्ही हळू चालवता."

आता पावसाळ्यात त्या तीन किलोमीटरवर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर कोणी चालवून दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. बिल झालं ८,६४०. फोर्स्ड रीजनरेशन (वर्कशॉपात मुद्दाम ती काजळी जाळणं) ३,२००, ऑइल आणि ऑइल फिल्टर ४,९५०, स्कॅनिंग ४९०. वॉरंटी आहे ना म्हटलं तं म्हणे ड्रायव्हिंग पॅटर्नमुळे झालेलं वॉरंटीत बसत नाही. याच इमारतीत, काचेच्या त्या बाजूला बसून, मी सेल्सवाल्या पोराले सांगितलं होतं की रोजचं चालणं पंचवीस-तीस किलोमीटर आणि तेही शेताचं. तो काय म्हणाला होता? "काकाजी, शेतकऱ्याले डिझेलच पाहिजे." तेव्हा पॅटर्न नव्हता, बिल फाडताना पॅटर्न आला.

ऑइल काऊन बदलता विचारलं तं तिथल्या एका जुन्या मेकॅनिकनं बाजूला नेऊन डिपस्टिक दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. इथं मले लाज वाटली, कारण महिनाभर आधी मी साळ्याले सांगत होतो की पाह्य कशी गाडी आहे, ऑइलचा थेंब खात नाही, उलटं वाढते. ते ऑइल नव्हतंच, डिझेल होतं. त्यानं समजावलं ते असं : १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमधे काजळी धरणारी जाळी असते, तोच डीपीएफ. जाळी भरत आली की इंजिन स्वतःहून जास्तीचं डिझेल टाकते, आतलं तापमान सहाशे अंशाच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्याले पंधरा-वीस मिनिटं सलग, साठ-सत्तरच्या स्पीडनं गाडी पळती पाहिजे. मी काय करत होतो, जाळणं सुरू झालं की वावर येत होतं आणि मी चावी बंद करत होतो. काजळी तशीच आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमधे. हे सगळं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

गावाकडच्या एका गॅरेजवाल्यानं ऑफर दिली की जाळीच कापून टाकू, वरून सॉफ्टवेअर मारून देतो, लाइट कधीच लागणार नाही. खोटं कशाले बोलू, दोन दिवस विचार केला. पण मंग वॉरंटीवर पूर्ण पाणी, आणि ते कायद्यातही बसत नाही, म्हणून सोडलं.

इथपर्यंतचं सप्टेंबरातच लिहून ठेवलं होतं, एक स्टार देऊन. आता जानेवारी संपत आला आणि मत थोडं हललं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गाडी नागपूर रोडवर काढतो, यवतमाळ ते कळंब, चौथ्या गिअरात, आरपीएम दोन हजाराच्या वर. बायको म्हणते म्हशीले डोहावर नेतात तसं तुम्ही गाडीले नेता. आईनं यातून आपलं काम काढलं, महिन्यातली एक फेरी संकष्टीले धरायची म्हणजे कळंबच्या चिंतामणीचं दर्शन होते. एकदा कळंब आलं तरी रीजनरेशन चालूच. ते ओळखू येते, गाडी उभी केली की पंखा बोंबलतो, आरपीएम आठशेच्या जागी हजारावर असतो, गरम वास येतो. बंद केली असती तं पुन्हा तेच. आईले म्हटलं थांब जरा, आणि तसाच देवळीकडं दहा किलोमीटर गेलो न् परत आलो. "देवाच्या दारातून वापस नेलं मले," हे ती आता प्रत्येक पाहुण्याले सांगते. पण चार महिन्यांत लाइट एकदाही लागला नाही, आणि त्या रोडवर गाडी एकवीसचं अ‍ॅव्हरेज देते, अशी पळते की घेतल्याचं समाधान वाटते. वावराच्या रस्त्यावर तेरा.

पण हिशोब मी सोडत नाही. घेताना डिझेलचे एक लाख तीस हजार जास्त दिले. माझ्या नऊशे किलोमीटरच्या चालण्यात पेट्रोलपेक्षा वर्षाला अठ्ठावीस-तीस हजार वाचतात, म्हणजे साडेचार वर्षं तं नुसती बरोबरी करण्यात. त्यातून हे हिंडवणं वजा करा, एका फेरीले दोनशेचं डिझेल, महिन्याले चारशे, वर्षाले पाच हजार. देवदर्शनात धरलं तं गोष्ट वेगळी, पण मी गाडीच्याच खात्यात लिहितो.

बाकी गाडी, एसी मस्त, सीट टणक, उंची आमच्या रस्त्याले पुरते, हॉर्न स्कूटीचा वाटते. उंदरानं एकदा वायर तोडली, त्यात कंपनीचा दोष नाही.

बिलासाठी ग्राहक हेल्पलाइनले, १९१५ वर, तक्रार टाकली. त्यानंतर वर्कशॉपातून फोन आला, पुढच्या सर्व्हिसमधे हजार रुपये कमी करतो म्हणाले. मी म्हटलं ३,२०० वापस करा, ऑइलचे मी सोडतो. त्यावर वरिष्ठांशी बोलून सांगतो म्हणून ठेवला, त्याले आता तीन आठवडे झाले. दोन स्टार आजच्या तारखेत. आज सकाळी डिपस्टिक पुसून पाहिली, ऑइल दोन्ही खुणांच्या बरोबर मधात आहे.