टीका की समीक्षा?

वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी भाचीने एका कादंबरीवर लिहिलं आणि मथळ्यापाशी अडली: ‘टीका’ लिहू की ‘समीक्षा’?

मुळात टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ‘टीका केली’ असं तिच्या शेवटच्या ओव्यांतच आहे. तिथे दोष काढण्याचा प्रश्नच नाही. समीक्षेत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं हा धातू आहे, त्याआधी ‘सम्’ लागून नीट, सर्व बाजूंनी पाहणं.

आज कानाला काय लागतं? ‘विरोधकांची सरकारवर टीका’ हा मथळा रोजचा. त्यामुळे ‘तुझ्या कवितेवर टीका लिहिली’ म्हटलं की कवीचा चेहरा उतरतो. ‘टीकाकार’ला मात्र अजून थोडी जुनी अब्रू आहे.

खरी गंमत ‘कादंबरी’ला पुढे काय जोडतो त्यात आहे. टीका कादंबरी‘वर’ होते, समीक्षा कादंबरी‘ची’. वरून पडते ती टीका, असं मी भाचीला सांगितलं. व्याकरण म्हणून ते कच्चं असेल, पण तिच्या लक्षात राहिलं.

मेहनत समीक्षेला जास्त. रचना, भाषा, परंपरा, सगळं तपासावं लागतं. दोन परिच्छेदांत कथानक आणि आवडनिवड सांगितली तर ते परीक्षण किंवा नुसता परिचय. (कामाचा हिशेब घ्यायची ती ‘आढावा बैठक’, ‘समीक्षा बैठक’ हिंदीतून आली.)

तेव्हा जुन्या ग्रंथाचा अर्थ लावायचा किंवा स्पष्ट दोष दाखवायचा असेल तर टीका. साहित्यकृती गुणदोषांसकट तोलायची तर समीक्षा. भाचीचा मजकूर दीडच पान होता. तिने ‘पुस्तक परिचय’ लिहिलं.