मागितलं ते न देणारं दुकान

साताऱ्यात आमच्या अंगणात सहा बाय चार फुटांचा सिमेंटचा जुना हौद आहे. दीड फूट पाणी भरतो, म्हणजे साधारण हजार लिटर. गेल्या पावसाळ्यात त्यात चार कॉमेट गोल्डफिश सोडले. ते दुसऱ्या एका दुकानातून आणले होते, आणि तिथल्या माणसाने शेवाळ खायला म्हणून एक सकर फिश गळ्यात मारला. शेवाळ त्याने चार दिवस खाल्लं. मग रात्री तो गोल्डफिशच्या कुशीला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला लागला. टॉर्च लावून मी डोळ्यांनी पाहिलं. दोघांचे खवले निघाले, त्यातला एक गेला. फार वाईट वाटलं.

म्हणून जिच्याबद्दल हे लिहितेय त्या या माशांच्या दुकानात आले. दुकानदार दादांनी माशाचं नाव विचारायच्या आधी हौदाची लांबी-रुंदी विचारली, ऊन किती येतं ते विचारलं. मला कोई, म्हणजे ते रंगीत जपानी मासे, हवे होते. ‘काकू, कोई दोन फुटांचा होतो, तुमच्या हौदात त्याची कोंडी होईल,’ म्हणाले, आणि दिले नाहीत. मग डोक्यावर गोंडा असलेला ओरांडा गोल्डफिश आवडला. त्यालाही नाही म्हणाले. तो सावकाश पोहतो, कॉमेट चपळ. दाणे टाकले की कॉमेट सगळं फस्त करणार आणि ओरांडा उपाशी राहणार. नातवाला लाल कानाचं कासव पाहिजे होतं. ते वाढून ताटाएवढं होतं आणि माशांचे लचके तोडतं, हे त्यालाच समोर बसवून नीट समजावलं. स्टार कासव तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवताच येत नाही, हेही सांगितलं.

गप्पींचं मीच विचारलं, कारण डासांसाठी हौदात गप्पी सोडा असं सगळे सांगतात. त्यावर ते म्हणाले, डासांच्या अळ्या गोल्डफिशच खातात, आणि गप्पींची पिल्लंही खातील. गप्पी वेगळ्या पिंपात सोडा.

शेवटी दोन शुबनकिन गोल्डफिश दिले, कॉमेटसारखेच चपळ. बाकी काही नाही. सकर फिश त्यांनी स्वतःच्या मोठ्या टाकीत ठेवून घेतला आणि नदीत कधीच सोडू नका म्हणून बजावलं. नवीन आलेले मासे आठवडाभर वेगळे ठेवल्याशिवाय ते विकत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं.

रेटिंगमध्ये एक तारा कमी देतेय तो वनस्पतींसाठी. कमळाची कुंडी दिली, पण गोल्डफिश माती उकरतात, वर मोठे गोटे पसरा, हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ. गोटे घातल्यावर निवळलं.

पाच मासे आता मला बघून काठाशी येतात. हौदावर जाळी मात्र आधीच टाका. आमच्याकडे मासे पकडणारा खंड्या पक्षी सकाळी तारेवर येऊन बसतो.