पाण्यात बंद पडलेल्या गाडीसाठी उचगाव फाट्याजवळचं गॅरेज

बेळगाव-वेंगुर्ला रोडला उचगाव फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमधलं एक टू व्हीलर गॅरेज हाय, बोर्ड वगैरे काय नाही, पण पाण्यात गाडी बंद पडली असंल तर दुसरीकडं कुठं न जाता तिथंच न्या, मनापासून सांगतोय.

जून-जुलैच्या पावसाची आपल्याकडं सगळ्यांची तयारी असते, हा सुगीतला पाऊस लई वाईट. बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला की थंडीच्या दिवसात इकडं रातभर कोसळतो, भात कापून शेतात पडलेलं असतं ते भिजतंच, वर पिंजार आणि उसाचा पाला वाहून मोरीत अडकतो आणि सगळं पाणी रोडवर. त्यात उसाच्या ट्रॅक्टरनं आणलेला चिखल, खड्डा कुठं हाय कळतच नाही. तुरमुरीकडनं येताना अशाच पाण्यात माझी गाडी बंद पडली. शहरातल्या एका गॅरेजला फोन केला तर म्हणाला चोक ओढून किक मारत ऱ्हावा, चालू होईल. मला ते पटलं नाही, ढकलत इथं आणली.

इथल्या मामांनी पहिलं वाक्य काय म्हटलं तर, "दादा, किकला पाय लावू नका अजून." आधी प्लग काढला, मग हळू किक मारली तर प्लगच्या भोकातनं पाणी उडालं. त्यांनी समजावून सांगितलं की पिस्टन हवा दाबतो, पाणी दाबलं जात नाही, पाणी आत असताना जोरात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकते आणि मग इंजिनच खोलायला लागतंय. ऑईल काढलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. नुसतं बदलून सोडलं नाही, साधं ऑईल घालून थोडा वेळ इंजिन चालवलं, ते पण काढलं आणि मग चांगलं घातलं. कार्बोरेटरचा बाऊल खोलून पाणी सांडलं, एअर फिल्टर भिजलेला तो नवीन, आणि मी न सांगता दोन्ही ड्रम उघडून ब्रेक शूमधला चिखल धुतला, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली कारण गाडी चालू झाल्यावर ब्रेक कोण बघतंय हो! जुना फिल्टर, प्लग हातात दिला. सगळं धरून 1150 रुपये, आमच्या भागात ठीक रेट.

कमी काय हाय तर बसायला जागा नाही, मामा एकटेच, आणि पाऊस पडून गेला की गाड्यांची रांग लागते त्यामुळं अर्धा दिवस धरूनच जावा. फोन उचलत नाहीत, हात ऑईलचे असतात. मराठी-कानडी दोन्ही बोलतात. नवीन बीएस सिक्स (धुराच्या नवीन नियमाची) गाडी असंल तर वायरिंग आणि सेन्सरचं काम ते घेत नाहीत, सरळ सांगतात शोरूमला न्या म्हणून, पण स्टार्टर न मारता टेम्पोत घालून न्या हे पण सांगतात.