सेम सन हिअर : दोन डोंगरी मुलांचा पत्रव्यवहार

वेगवेगळ्या देशांतल्या किंवा समाजांतल्या मुलांची पत्रमैत्री हा विषय घेतलेल्या बालकादंबऱ्यांत बहुधा सणवार, खाणेपिणे आणि पोशाख यांची देवाणघेवाण होते आणि पुस्तक तिथेच आटोपते. सायलस हाउस आणि नीला वासवानी यांची २०१२ साली प्रसिद्ध झालेली ‘सेम सन हिअर’ ही इंग्रजी कादंबरी त्या वाटेने जात नाही, आणि म्हणूनच ती सांगली-सातारा भागातल्या मुलांच्या हाती पडावी असे मला मनापासून वाटते.

मीना मूळची मसुरीची. आता न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये राहते. रिव्हर हा अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा. मीनाची पत्रे वासवानी यांनी आणि रिव्हरची हाउस यांनी लिहिली असल्यामुळे दोन्ही आवाज खरोखर दोन माणसांचे वाटतात. दोघांचे वडील पोटासाठी घरापासून लांब राहतात आणि दोघांचाही जीव आजीवर आहे. आमच्या विटा-खानापूर-आटपाडीकडे कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत पांगलेले आहेत, त्यामुळे हा भाग इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सातवीतल्या एका मुलीला मी ही कथा मराठीत सांगत होतो, तेव्हा मीनाच्या वडिलांचा विषय निघताच तिने मला मध्येच थांबवून विचारले, “सर, तिचे पप्पा किती दिवसांच्या सुट्टीवर येत्यात?” संस्कृतीच्या फरकाबद्दल मात्र तिने काहीच विचारले नाही.

कादंबरीचा खरा कणा म्हणजे रिव्हरचा डोंगर. कोळशाचा थर उघडा करण्यासाठी खाणवाले सुरुंग लावून डोंगराचा माथाच उडवतात, निघालेला राडारोडा शेजारच्या दरीत ढकलतात आणि त्याखाली ओढे गाडले जातात. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मीरगाव येथे दरडी कोसळल्या त्या अतिवृष्टीमुळे, तर रिव्हरकडे डोंगर माणूस जाणूनबुजून फोडतो. तरीही वर पाहत झोपी जाणाऱ्या पायथ्याच्या माणसाची धास्ती दोन्हीकडे एकच आहे, आणि ती एका मुलाच्या साध्या शब्दांत वाचताना मोठ्या वाचकालाही पत्र बाजूला ठेवून थोडे थांबावे लागते. तिकडे मीनाच्या घरी नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास चालू असतो. ज्या देशाचे होण्यासाठी ती मंडळी पाठांतर करत आहेत, त्याच देशात रिव्हरच्या गावाचे कोणी ऐकत नाही, ही विसंगती लेखकांनी न बोलता दाखवली आहे.

सगळीकडे मात्र असा संयम राहिलेला नाही. काही पत्रांत, विशेषतः २००८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या संदर्भांत, मुलांच्या तोंडून लेखकच बोलत आहेत असे जाणवते, आणि तेवढा मजकूर कमी केला असता तर कथा अधिक सशक्त झाली असती.

मराठी माध्यमाच्या मुलांना आठवी-नववीपासून ही कादंबरी स्वतः वाचता येईल. त्याहून लहानांना मोठ्या माणसाची सोबत लागेल. शिक्षकांनी ती एका बैठकीत न उरकता दोन मुलांना मीना आणि रिव्हर करून रोज एकेक पत्र वर्गात मोठ्याने वाचायला लावावे, आणि उत्तराचे पत्र दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.